अठ्ठाविसाव्या भागातली अदलाबदल

झागोरा, ३ सप्टेंबर १९८५

प्रिय एव्हान्थियाबाई,

आपल्या दूरदर्शन मालिकेचा अठ्ठाविसावा भाग लिहून आज सकाळच्या बसने पाठवला. व्होलोसला गाडी बदलून पुडकं परवापर्यंत अथेन्सला पोचेल आणि चॅनेलचा माणूस तुमची प्रत घरी आणून देईल. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं अशी इच्छा आहे. आईच्या खुब्याचं हाड अजून सांधलेलं नाही, त्यामुळे मला इथून हलता येत नाही. फोन गावात एकच, तोही कॉफीच्या दुकानात. मी तिथे "नमस्कार" म्हटलं की चार म्हातारे हातातले पत्ते खाली ठेवून ऐकायला बसतात. तेव्हा पत्रच बरं.

या भागात तुमची फोफो आणि मेरोपीबाईंची तासिया घरं बदलतात. पाचव्या मजल्यावरच्या फोफोचे गुडघे गेलेत आणि लिफ्ट कायमची बंद. तळघरातल्या तासियाला ऊन हवंय. दोघी एका दुपारी भांडता भांडता ठरवतात, की तू वर ये, मी खाली जाते. सामान हलवायचं नाही, फक्त किल्ल्या बदलायच्या. पुढे सहा जानेवारीला फोफोचा नामदिन, तिच्या नावाचा सण, येतो. आता नामदिनाला आपल्याकडे कोण कोणाला बोलावतं? दार उघडं ठेवायचं, मुरंब्याच्या वाट्यांनी तबक भरायचं, ज्याला आठवण असेल तो येतो. सगळे येतात, पण सवयीने पाचव्या मजल्यावर जातात. तासिया वर त्यांचं आदरातिथ्य करत बसते आणि फोफो तळघरात तबक घेऊन एकटी. खिडकीतून तिला रस्त्यावरचे फक्त जोडे दिसतात. जोड्यांवरून ती एकेकाला ओळखते. हा औषधवाला, ही वहिनी. सगळे तिच्याच घरी चाललेत आणि तिच्याकडे कोणीच येत नाही.

बाई, हा प्रसंग मी तुमच्याचसाठी लिहिला. तुम्ही तो कराल तेव्हा हसणारा माणूस मध्येच गप्प होईल. स्तमातीस दिग्दर्शक परवा लिहीत होते, की बाकीचे नट जमिनीवरच्या खडूच्या खुणा शोधत फिरतात, एव्हान्थियाबाई एकदाही खाली बघत नाहीत आणि बरोबर जागेवर उभ्या असतात. मी ते आईला वाचून दाखवलं.

एक विनंती. मेरोपीबाईंना जरा सांगाल का, पदरची वाक्यं घालू नका म्हणून? "बस ना, उजवीकडची खुर्ची काय चावते तुला?" हे मी लिहिलेलं नाही. मागच्या भागात असली नऊ वाक्यं मोजली मी. मी संहिता लिहिते, बाजाराची यादी नाही.

तुमची
एर्सी


अथेन्स, १३ सप्टेंबर

एर्सी पोरी,

अक्षर माझं नाही. माझं मनगट मुरगळलंय म्हणून मेरोपी लिहिते आहे. तिचं अक्षर म्हणजे अंगणात कोंबड्या फिरल्यासारखं, पण वाचता येईल. (मी फुकट लिहिते आहे, हे तिला कोणीतरी सांगा. – मे.)

तुझा भाग मिळाला. वाचला. फोफो तळघरात जाणार नाही.

कारण विचारशील म्हणून सांगते. सत्तावीस भाग ही बाई पाचव्या मजल्यावर राहिली. तिची गच्ची, तिचा सोफा, तिचं ते पितळेचं घड्याळ, लोक ओळखतात. परवा मटणवाल्याकडे एकजण म्हणाला, "फोफोबाई, तुमच्या गच्चीवरची जास्वंद सुकतेय." कागदाची जास्वंद आहे ती. माणसांनी एवढा जीव लावलेलं घर तू एका दुपारच्या भांडणात सोडायला लावतेस? आणि मी चार पायऱ्या उतरून, हातात मुरंब्याचं तबक घेऊन, त्या बिळात जायचं? पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली. राण्या केल्या, मोलकरणी केल्या. तळघर कधी आडवं आलं नाही. (मोलकरीण एकदाच केली, आणि त्यातही तिने राणीसारखा झाडू धरला होता. – मे.)

तेव्हा असं कर. घरं बदलायचीच असतील तर तासिया आणि तो औषधवाला बदलू दे. मेरोपीला कुठेही ठेव, ती सगळीकडे सारखीच दिसते. (हे मी लिहिलं, यावरून माझं मन केवढं मोठं आहे ते बघ. – मे.)

आईला माझा नमस्कार. खुब्याला घाई करू नका म्हणावं.

एव्हान्थिया द्रोसू


झागोरा, १९ सप्टेंबर

प्रिय एव्हान्थियाबाई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग, आता मन खट्टू आहे. राग लपवत नाही, तुम्हाला तो कळतोच.

मी नऊ वर्षांची असताना तुमची नाटक कंपनी व्होलोसला आली होती. वडिलांनी सफरचंदांच्या ट्रकमध्ये बसवून मला नेलं. तुम्ही मुलगा गेलेल्या आईचं काम करत होता. तुम्ही रडला नाहीत, नुसतं त्याचं जेवणाचं ताट उचलून पुसलंत आणि परत टेबलावर ठेवलंत. मी लिहायला लागले ती त्या ताटामुळे. त्याच बाई आज मला गच्ची आणि सोफ्याची कारणं देतात, हे मला पटत नाही. मोठेपणाचा प्रश्न असेल तर स्पष्ट म्हणा. तळघरात गेल्याने कोणी लहान होत नाही, बाई.

शिवाय लेफ्तेरीस सुताराने तळघराचा सेट उभा केलाय. चित्रीकरण एकोणीस नोव्हेंबरला आहे. आता भाग बदलणं माझ्या हातात नाही.

आणखी एक. अकरा तारखेला तुमचा नामदिन झाला. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात तुमची सूचना वाचली, "यंदा नामदिन साजरा करत नाही, भेटी स्वीकारल्या जाणार नाहीत." तुमच्या घरी त्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं उभी असायची. काय झालं? कोणी दुखावलं का? आणि मेरोपीबाई तुमच्याकडे पत्र लिहायला कशा? तीस वर्षं तुम्ही दोघी एका आरशासमोर बसला नाहीत. त्या तुमच्या कानाशी लागल्या असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एर्सी


अथेन्स, २५ सप्टेंबर

एर्सी,

मग मी नाही. फोफोला मारून टाक. फार लांबवू नकोस, एका वाक्यात मेली तरी चालेल. मारवत नसेल तर मेलबर्नला तिच्या बहिणीकडे पाठव. तिथून कोणी परत येत नाही.

चॅनेलला मी वेगळं कळवते. तुझ्यावर माझा राग नाही.

एव्हान्थिया द्रोसू


अथेन्स, २५ सप्टेंबर, संध्याकाळी

एर्सी,

सकाळचं पत्र मीच लिहिलं आणि मीच पेटीत टाकलं. हे मात्र पेटीत टाकलेलं नाही, बसच्या कंडक्टरच्या हातात दिलं, म्हणजे ते तुला आधी मिळेल. तिला यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तसं ती आताही बघत नाहीच, आणि तेच सांगायला बसले आहे.

तिला दिसत नाही. काचबिंदू. उजेड आणि सावली तेवढी कळते. खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीशी कोण उभंय ते नाही, म्हणून तर नामदिनाची ती सूचना. नवव्या भागापासून हे असं आहे.

तू विचारशील, मग ती काम करते कशी? ऐक. पाचव्या मजल्याचा सेट तिला पाठ आहे. दारापासून सोफा सात पावलं, सोफ्यापासून घड्याळ तीन, टेबलाचा कोपरा डाव्या मांडीला लागतो. लेफ्तेरीस सकाळी झाडून घेतो त्याआधी ती जाऊन चालून येते, त्याला वाटतं बाई भूमिकेत शिरताहेत. संवाद मी तिच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी वाचते. दोनदा ऐकलं की तिचं पाठ होतं आणि तिसऱ्यांदा ती माझ्या चुका काढते. मी आता तिच्याकडेच राहते, माझं मीठ आहे तिथे, माझा रुमाल आहे, माझ्या घरी पाण्याचे नळ फुटलेत असं आम्ही शेजाऱ्यांना सांगतो. पाच महिने फुटलेले नळ कोणाचे असतात?

आणि माझी ती पदरची नऊ वाक्यं. उजवीकडची खुर्ची चावते का, असं मी म्हटलं म्हणजे कोणीतरी खुर्ची उजवीकडे सरकवून ठेवली होती. "दार तुझ्या नाकासमोर आहे, उघड की" म्हटलं तेव्हा ती चुकून कपाटाकडे चालली होती. तू चिडून लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं नाही. आता सांगते आहे.

मला तिचं कौतुक करायची सवय नाही. तिने एकोणीसशे चोपन्नात माझी भूमिका पळवली आणि ती माझ्यापेक्षा चांगली केली, हे दुसरं जास्त लागलं. पण गेले एकोणीस भाग मी तिच्या शेजारी उभी राहते आणि मला कळत नाही हा माणूस आहे की काय आहे. आंधळी बाई डोळस बाईचं काम करते, त्यात चहाही ओतते, आणि घरोघरी लोक तिच्या डोळ्यांतल्या मिस्किलपणाबद्दल बोलतात.

नवीन सेट म्हणजे तिचा शेवट. तळघरात तिला एकही पाऊल ठाऊक नाही, आणि त्या नामदिनाच्या प्रसंगात मी वर असते, म्हणजे माझा आवाजही नाही. चॅनेलच्या कालिगाससाहेबांना कळलं की ते फुलं देऊन, भाषण करून घरी बसवतील. तिला घरी बसवलं की ती संपली. पोरी, तिला पाचव्या मजल्यावरच राहू दे. पण मी सांगितलं म्हणू नकोस.

मेरोपी


झागोरा, ३ ऑक्टोबर

प्रिय एव्हान्थियाबाई,

मी उद्धटपणे लिहिलं, माफ करा. आईची शुश्रूषा करून डोकं तापलं होतं.

भाग पुन्हा वाचला आणि माझ्याच काही चुका सापडल्या. अदलाबदल राहू द्यावी, कारण सेट तयार आहे. पण फोफोसारखी हट्टी बाई दुसरीच्या फर्निचरवर बसेल का? नाही बसणार. ती आपलं सगळं सामान खाली नेते आणि जसं वर होतं तसंच लावून घेते. दारापासून सोफा तेवढ्याच अंतरावर, घड्याळ तिथेच, टेबल तसंच. हमाल वैतागतात, त्यात विनोदही आहे. दुसरं, तबक घेऊन पायऱ्या उतरायचं काम तासियाने करावं, ते जास्त शोभतं. तिसरं, खिडकीची काच धुळीने माखलेली असावी. फोफोला जोडे दिसत नाहीत, नुसते पायांचे आवाज ऐकू येतात, आणि आवाजावरून ती माणसं ओळखते. ते मला जास्त बरं वाटतं. आणि मेरोपीबाईंना पदरची वाक्यं घालायची असतील तर घालू द्या, माझी काही हरकत नाही.

हे सगळं नाटकाच्या दृष्टीने सुचवते आहे. फोफोला मारायला मला जमणार नाही. लेफ्तेरीसला निरोप पाठवू ना?

तुमची
एर्सी


अथेन्स, ११ ऑक्टोबर

एर्सी,

हे मी स्वतः लिहिते आहे. ओळीखाली पट्टी धरली आहे. तरी एक ओळ दुसरीवर चढली असेल तर वरची आधी वाच. मनगटाला काही झालेलं नव्हतं.

तुझं पत्र मेरोपीने वाचलं. पदरच्या वाक्यांपाशी तिचा आवाज घसरला. मग मी तिला तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचायला लावलं, गाळलेलं सगळं. तुला सगळं सांगितल्याचं तिने कबूल केलं. मी तिला घराबाहेर काढली. ती जिन्यात बसून राहिली, दोन तासांनी खोकली, तेव्हा आत घेतली. तुम्हा दोघींवर मी किती चिडले ते लिहायला एवढा कागद पुरणार नाही. दयेचा भाग लिहिलास तू. दारापासून सोफा तेवढ्याच अंतरावर. मला अंतरं मोजून देणारी तू कोण?

तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी राग निवळला आणि मी भागाचा विचार करायला लागले. आता बाई म्हणून नाही, नटी म्हणून सांगते. तुझी नवी अदलाबदल खोटी आहे. जिने घर बदललं आणि सामान जागच्या जागी लावून घेतलं तिने घर बदललंच नाही. घर बदललेला माणूस धडकतो. साखर कुठे आहे ते त्याला सापडत नाही. सकाळी उठून तो चुकीच्या बाजूला पाय सोडतो. फोफोने ते सगळं करायला हवं. तेव्हा पहिली संहिता परत आण. फक्त किल्ल्या बदलायच्या, सामान तासियाचं. तबक माझ्या हातात, चार पायऱ्यांसकट.

पायांच्या आवाजाचं मात्र ठेव. ते तू दयेपोटी लिहिलंस आणि चुकून चांगलं लिहिलंस. असं होतं कधीकधी.

एकोणीस भाग मी दिसतंय असं नाटक करते आहे. अभिनयातलं ते सर्वांत दमवणारं काम आहे, आणि ते कोणाला कळू नये हीच त्याची पावती. या एका प्रसंगात मला ते करावं लागणार नाही. फोफोला ते घर ठाऊक नाही, मलाही नाही. दोघी एकदम शोधू. मला सेट दाखवू नका, तालीम नको.

स्तमातीसला आणि कालिगासला मी स्वतः सांगणार आहे. सगळ्यांसमोर. मग ठेवायचं तर ठेवतील, काढायचं तर काढतील. लपूनछपून मला आणखी एक भागही करायचा नाही. मला काम हवंय, पोरी. फार हवंय. हे मी मेरोपीलाही कधी सांगितलेलं नाही, आणि हे पत्र ती वाचणार नाही म्हणून तुला सांगते.

त्या ताटाचं तू लिहिलंस. ते ताट पुसायचं दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. लक्षात ठेवलंस, बरं वाटलं.

एव्हान्थिया


अथेन्स, २१ नोव्हेंबर

एर्सी,

तू नव्हतीस, म्हणून सगळं लिहिते. घाईत आहे, पण काही गाळणार नाही. गाळण्याचे परिणाम मी भोगले आहेत.

परवा सकाळी स्टुडिओत सगळे जमले होते. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मला दिसत नाही. एप्रिलपासून. आजवर तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याबद्दल मी स्वतःचं अभिनंदन करते." लेफ्तेरीसच्या हातातला हातोडा तसाच राहिला. कालिगाससाहेब म्हणाले, "बाई, उद्या पडलात तर जबाबदारी कोणाची?" ती म्हणाली, "पडले तर माझी. लोक हसले तर श्रेय तुम्ही घ्या, नाहीतरी घेताच." पडले तरी नाक वर, अशी ती. साहेब म्हणाले, हा एक भाग होऊ दे, पुढचं प्रसारण झाल्यावर ठरवू. म्हणजे काय ते आम्हा दोघींना समजलं. मेलबर्नच्या बहिणीची कागदपत्रं तयार असणार.

मग तो प्रसंग. मी वर, म्हणजे सेटच्या मागे, फळीला कान लावून. एकोणीस भाग मी तिचा आवाजाचा कठडा होते आणि आता माझ्या तोंडाला कुलूप. ती दारात आली, हातात तबक. पहिली पायरी पायाने चाचपली, दुसरी, तिसरी. चौथीवर वाट्या वाजल्या, पण एकही कलंडली नाही. मग चालली ती सरळ माझ्या, म्हणजे तासियाच्या, स्टुलाला धडकली. मी डोळे मिटले. तिने तबक तोललं, स्टुलाकडे वळली आणि म्हणाली, "माफ करा हं बाई. तुम्ही इथल्या जुन्या, मी नवी." हे तुझं वाक्य नाही आणि माझंही नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

मग तिने साखर शोधली. तीन डबे उघडले, तिन्हींत बोट घालून चाखलं, तिसऱ्यात मीठ होतं. तिचा तो चेहरा. शेवटी खुर्ची सापडली, बसली, तबक मांडीवर. बाहेर फळ्यांवर नटांची पावलं वाजायला लागली. "हा औषधवाला, डावा पाय ओढतो. ही वहिनी, नवे जोडे, चावताहेत तिला, चावू देत." एकेक पाऊल येतंय आणि वर जातंय. ती प्रत्येक वेळी केस नीट करते, तबक पुढे सरकवते, आणि पाऊल गेलं की तबक मागे घेते. पाचव्या वेळी तिने तबक मागे घेतलं नाही. तसंच पुढे धरून बसली. अकरा मिनिटं, एर्सी, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी तिला तीस वर्षं बघते आहे. इतकं खरं काम मी कोणाचं पाहिलेलं नाही, आणि हे मी उघडपणे लिहिते आहे.

त्यानंतर माझा प्रवेश. मी पायऱ्या उतरून म्हणायचं, "अगं, सगळे वर तुझी वाट बघताहेत, चल." एवढंच वाक्य. मी उतरले, तिला तबक धरून बसलेली बघितली आणि माझं वाक्य गेलं. साफ गेलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी उभी, कॅमेरा चालू, तोंडातून आवाज नाही. तिने मान वर केली. म्हणाली, "तोंड शिवून आलीस का? वर लोक आलेत, मला न्यायला आलीस, एवढंच ना सांगायचंय? मग हात दे की."

मी हात दिला. स्तमातीसला "थांबा" म्हणायचं सुचेना. शेवटी लेफ्तेरीसनेच टाळी वाजवली.

मी तुझं एक वाक्य खाल्लं, त्याबद्दल माफी.

मेरोपी


अथेन्स, ८ जानेवारी १९८६

एर्सी पोरी,

मेरोपी लिहिते आहे, मी सांगते आहे. आता कारण द्यायला नको.

पाच तारखेला संध्याकाळी आपला भाग लागला. तू तिथे कॉफीच्या दुकानात आईला खुर्चीत बसवून नेलंस आणि चारही म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले, हे तुझ्या तारेवरून कळलं. तारेत एवढे शब्द कोणी घालतं का?

सहा तारखेला सकाळी दहा वाजता आमच्या पाचव्या मजल्यावरचा दंतवैद्य खाली आला, रागाने लाल. म्हणाला, "बाई, माझ्या दारात अकरा माणसं मिठाई घेऊन उभी आहेत आणि फोफोला विचारताहेत." मी दुसऱ्या मजल्यावर राहते हे लोकांना काय ठाऊक? थोड्या वेळाने राखणदार आला. काहीजण तळघरात शिरले होते आणि पाणी तापवायच्या बंबाला शुभेच्छा देत होते. (हे ती रंगवून सांगते आहे. बंबाला फक्त एकीने दिल्या. – मे.)

मग सगळे खाली-वर होऊन माझ्या दारात आले. एर्सी, मी आजन्म एव्हान्थिया, त्या दिवशी माझा नामदिन नसतोच. त्यांचं म्हणणं, काल तुमच्याकडे कोणी आलं नाही, आम्हाला झोप लागली नाही. एक बाई पिरेयसहून दोन बस बदलून आली होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मला वाटलं, आपण तरी जावं." मी तिला सांगायला लागले की अहो, तो भाग नोव्हेंबरातच झाला, आणि मध्येच थांबले. त्यांच्या दृष्टीने तो कालच झाला होता. मी म्हटलं, आलात, फार बरं केलंत, बसा.

बसायला जागा नव्हती. जिन्यात दोन्ही बाजूंना माणसं. घरात मुरंब्याची एकच बरणी, ती दहा मिनिटांत संपली, तेव्हा मेरोपीने आलेल्यांच्याच मिठाया उघडून आलेल्यांनाच वाटल्या. (दुसरा उपाय होता का? – मे.) दुपारपर्यंत मी पावलं ऐकत होते. लहान मुलं, काठीवाले, एक पोलीस. आणि साधारण एक वाजता जिन्यात एक पाऊल आलं, नवीन तळ लावलेलं, दर दुसऱ्या पायरीला कुरकुरणारं. हे पाऊल स्टुडिओत माझ्या मागे अठ्ठावीस भाग फिरत होतं. रांगेत उभं होतं बिचारं, आपली पाळी येईपर्यंत.

मी म्हटलं, "या कालिगाससाहेब. फुलं आणलीत की मिठाई?"

मग कागदाचा आवाज झाला.

"दहा भागांचा करार आहे, बाई," ते म्हणाले. "सकाळपासून फोन ठेवायला उसंत नाही. लोक विचारताहेत, फोफोला वर न्याल ना परत म्हणून."

"नाही नेणार," मी म्हटलं. "तिला तिथे अजून साखर सापडलेली नाही."

करार मेरोपीने मोठ्याने वाचला, जिन्यातल्या सगळ्यांसमोर, बारीक अक्षरातल्या अटींसकट. एका अटीवर पिरेयसच्या बाईने हरकत घेतली, ती खोडावी लागली. मग मेरोपीने माझं बोट धरून सहीची जागा दाखवली. मी सही केली. बऱ्याच दिवसांनी करते आहे, म्हणून दणदणीत केली. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं आणि टेबलावर उमटलं असं म्हणतात. मी म्हटलं, पुसून टाका, टेबल चांगल्या लाकडाचं आहे.

एव्हान्थिया द्रोसू

(पुसायचं काम माझ्याकडे आहे. मी पुसलेलं नाही. तिला सांगू नकोस. – मे.)